सात नंबरचा साधा माणूस

सांगलीच्या स्टँडवर सोलापूरची पहिली गाडी लागली आणि मी चढल्या चढल्या आधी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन सगळे चेहरे बघून आलो. ओळखीचं कुणी नव्हतं. तरी खिडकी रिकामी असून आतल्या बाजूला बसलो, कारण खिडकीतला माणूस बाहेरच्यांना दिसतो. संशयी आहे मी, आधीच कबूल करतो. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, तिथंही माझ्या टेबलावरून कागद पुढं सरकायला इतरांपेक्षा दोन दिवस जास्त लागायचे. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, सोलापूरला चादरी आणायला चाललोय.

खरं कारण इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मला पुरुष आवडतात. कळायला लागल्यापासून आवडतात. लग्न केलं नाही. मुलगी पसंत नाही, मुलगी पसंत नाही असं म्हणता म्हणता मुली बघायचं वय निघून गेलं आणि लोकही विचारायचे थांबले. साठ उलटली तरी ही गोष्ट एकाही माणसाला माहीत नव्हती. सांगोल्याजवळ मेंढरं आणि डाळिंबाची बाग सांभाळणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला, दगडूला, तर नाहीच नाही. हे कुणाला कळू न देणं हेच माझं आयुष्यभराचं मुख्य काम. नोकरी आपली जोडधंदा म्हणून केली.

मोबाइलवरच्या एका गटात मी खोट्या नावानं नुसता वाचत बसतो. तिथं निमंत्रण आलं: सोलापुरात बॉल आहे. बॉल म्हणजे आमच्यासारख्यांचा नाचाचा आणि चालण्याचा सोहळा. अमेरिकेत घरातून हाकललेल्या गरीब, काळ्या पोरापोरींनी तो वाढवला. त्यांनी आपापली नवी 'घरं' केली. घराला एक 'आई' असते, रक्ताची नसते, पण आईपण करते. घराघरांतली मंडळी वेगवेगळ्या प्रकारांत लोकांसमोर चालून, नाचून दाखवतात आणि पंच गुणांच्या पाट्या वर करतात. मुंबई-पुण्याकडे हे होतं असं वाचलं होतं. पण सोलापुरात? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बोलवायचं, फोटो काढायचे आणि मग धमकवायचं, असले प्रकार कानावर आलेले होते.

तरी निघालो. सगळ्यात मागं उभं राहायचं, आपल्यासारखी माणसं एका खोलीत एकदाच बघायची आणि नाव न सांगता परत फिरायचं, एवढाच बेत होता.

सांगोल्याला गाडी दहा मिनिटं थांबली. ती दहा मिनिटं मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून काढली. एकच जाहिरात चार वेळा वाचली. बाहेर शेळ्यांचा कळप ओरडत होता, कुणीतरी गाडीच्या टपावर डाळिंबांचे खोके चढवत होतं आणि प्रत्येक आवाज मला दगडूचाच वाटत होता. गाडी हलली तेव्हा कुठं पेपर खाली घेतला.

मंगळवेढ्याला (गाव मी बदललं आहे आणि पुढं येणारं नावही, का ते कळेलच) पंचविशीचा एक तरुण चढला आणि मांडीवर पोतं घेऊन नेमका माझ्या शेजारी बसला. पोतं भलं मोठं, तोंड सुतळीनं शिवलेलं. अशा माणसाची चौकशी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. गाव कुठलं, आडनाव काय, काम कुठं, पोत्यात काय, सगळं विचारलं. तो बिचारा एकेका शब्दात उत्तर देत गेला. काम चिंचोळी एमआयडीसीत, पॅकिंगला. पोत्यात चादरी. मंगळवेढ्याहून कुणी सोलापूरला चादरी घेऊन जातं का, हे उलटं कसं, असं मी म्हणालो तेव्हा त्यानं तोंड खिडकीकडे केलं. मी माझी बॅग पायांत घट्ट धरली. बाहेर काळ्या रानांत ज्वारी हुरड्याला आली होती, पण माझं अर्धं लक्ष त्या पोत्याकडेच होतं.

सोलापुरात उतरल्यावर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला नाही, जवळचा चौक सांगितला आणि उरलेलं चाललो. पूर्वेकडच्या विणकरांच्या वस्तीत गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट ऐकू यायचा म्हणतात. त्या दिवशी रविवार होता आणि बहुतेक कारखाने बंद. दारात बसलेल्या बायका तेलुगूत बोलत होत्या आणि मला बघून गप्प होत होत्या, निदान मला तरी तसं वाटलं. जागा म्हणजे एक बंद पडलेला यंत्रमागाचा कारखाना होता. दारावर 'नृत्य स्पर्धा' असा साधा कागद. कार्यक्रम दिवसाउजेडी ठेवला होता, कारण तालुक्यांतून आलेल्यांना संध्याकाळच्या एसट्या गाठायच्या असतात.

दारात फोन जमा करून घेत होते. फोनला एक बिल्ला, तसलाच बिल्ला आपल्या हातात. ते बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की माझा फोन आत कोण उघडून बघेल कुणास ठाऊक. मग त्यांनी विचारलं, कुणाच्या ओळखीनं आलात? इथली रीतच तशी. ज्याला आत यायचं त्याच्यासाठी आतल्या एकानं शब्द द्यावा लागतो. माझ्यासाठी कोण देणार? मी मागं फिरणार तेवढ्यात काठापदराची साडी नेसलेली, गळ्यात शिंप्याची टेप लटकवलेली एक पन्नाशीची बाई आली. ही लक्ष्मीअक्का. घराची आई, कार्यक्रम तिचाच. जन्मली विणकराचा मुलगा म्हणून, आता बायकांचे ब्लाउज शिवते, हे तिनंच मला नंतर जेवताना सांगितलं. तिनं मला चपलेपासून केसांपर्यंत पाहिलं आणि दारावरच्या मुलीला म्हणाली, "सोड. माझा शब्द." का, ते विचारलं नाही. मला न विचारता कुणी माझ्यासाठी शब्द देतं, यात पाणी मुरतंय असंच मला वाटलं.

आत दोनेकशे माणसं असतील. माग काढून नेलेले, पण जमिनीवरचे तेलाचे डाग तसेच. मधोमध डागी चादरी एकमेकींना शिवून चालण्याची लांब पट्टी केली होती. मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो, म्हणजे मागून कुणी येणार नाही. आणि मग संगीत सुरू झालं. अक्कलकोटकडचा एक दांडगा गडी हिरव्या घागऱ्यात आला. त्याचे हात असे फिरत होते की कुठला उजवा आणि कुठला डावा कळेना. गरकन वळला, एक पाय दुमडला आणि पाठीवर सपकन पडला. मी दचकलो, म्हटलं गेला हा. लोक मात्र आनंदानं किंचाळले. हे पडणं नाचातलंच असतं म्हणे. माझ्या शेजारी दोन मुली एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, अगदी सहज, बाजारात भाजी घ्यायला उभं राहावं तशा. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो आणि पुन्हा पुन्हा बघत होतो.

मधल्या सुट्टीत जेवण. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि हुग्गी (गव्हाची गुळातली खीर). भाकरी मोडताना वाटीतली हुग्गी माझ्या शर्टावर सांडली. शर्ट धुवायला मागच्या नळावर गेलो आणि परत येताना दार चुकलो. पडद्यामागं आलो तर तिथं हातात यादी घेतलेली एक पोरगी वैतागून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. खिशाला पेन, पट्ट्यात खोचलेला शर्ट, छातीशी धरलेली रेक्झिनची बॅग, पायात चामडी चपला. म्हणाली, "सात नंबर ना? किती उशीर." आणि माझ्या पाठीवर कागद टोचला. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली सगळ्यांनाच लावतो. मला वाटलं, सुरक्षेचा काहीतरी प्रकार असेल. पुढच्या क्षणाला पडदा बाजूला झाला आणि तिनं मला ढकललं.

मी चादरींच्या पट्टीवर उभा होतो. बाहेर पडायचा रस्ता समोरच दिसत होता म्हणून तिकडे चालू लागलो. बॅग छातीशी, मान खाली, डोळे दोन्हीकडे. लोकांनी छत डोक्यावर घेतलं. टेबलामागच्या तीन पंचांनी दहा-दहाच्या पाट्या वर केल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तो प्रकार होता 'साधा माणूस'. त्यात असं चालायचं की रस्त्यावर, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत कुणालाही तुमचा संशय येऊ नये. त्यासाठी ही पोरं आरशासमोर महिनेन् महिने सराव करतात. मी चाळीस वर्षं केला होता, पाट्या मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मिळाल्या.

चौथी पंच सलमा. ब्युटी पार्लर चालवते, बोलायला तोडून. तिनं पाटी उलटी ठेवली आणि अक्काला म्हणाली, "ये सच्ची का है, अक्का." हा खराच साधा माणूस आहे, सोंग नाही, तेव्हा याला गुण देता येत नाहीत. नियमच तसा. जो मुळातच तसा आहे त्याचं कौतुक कसलं? यावर गलका झाला. शेवटी अक्कानं माईक घेतला आणि सगळं शांत झाल्यावर मला विचारलं, "काका, तुम्ही आपल्यातले ना?"

दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी म्हणालो, "नाही. मी सहज आलोय."

विचार करून नाही म्हणालो. तोंडातून निघून गेलं, आजवर निघत आलं तसं. वाटलं होतं, आता हसतील आणि सोडून देतील. कुणी हसलं नाही. सहज आलोय? सहज कोण येतं इथं? याला आत कुणी घेतलं? एक जण म्हणाला पोलीस असेल, दुसरा म्हणाला कुणाचा तरी बाप असेल, पोराला ओढून न्यायला आलाय. दाराकडे फोन घ्यायला गर्दी झाली. अक्का माईक धरून नुसती उभी. शब्द तिचा होता.

तेवढ्यात मागं पडदा हलला आणि आतून कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत काजळ, ओठांना गडद लाली. पण चेहरा मी सकाळीच तासभर शेजारून बघितला होता. एसटीतला पोतंवाला. माझ्याकडे बघून ती आत पळाली.

मी मागोमाग गेलो. तिचं नाव मनाली, घरच्यांना माहीत नसलेलं. एकदम शेवटी 'चादर' नावाच्या प्रकारात तिला चालायचं होतं: अंगावर सोलापुरी चादरीचा स्वतः शिवलेला पोशाख हवा. कामावरची पाळी संपली की एका मैत्रिणीच्या खोलीवर बसून सहा महिने तिनं तो शिवला होता. आता तोच ती पोत्यात कोंबत होती आणि दुसऱ्या हातानं लाली पुसत होती. लाली गालभर पसरली होती.

"तुमी गाव इचारलं. आडनाव इचारलं. काम कुटं त्ये इचारलं," ती म्हणाली. "आन आता म्हणता सहज आलो. कुनी धाडलं तुमाला? आमच्या दादानं?"

मी जन्मभर ज्याला भ्यालो तो माणूस आज तिच्यासाठी मीच झालो होतो. मला इतकी लाज वाटली, इतकी, की खाली बसावंसं वाटलं. म्हणालो, मघाशी मी खोटं बोललो. मी तुमच्यातलाच आहे.

"कशावरनं?" तिनं विचारलं.

बरोबर होता प्रश्न. मीही तोच विचारला असता. पण दाखवू काय? एक फोटो नाही, एक चिठ्ठी नाही, साक्ष द्यायला एक माणूस नाही. पुरावा म्हणून जे जे होतं ते मीच वेळच्या वेळी फाडून, जाळून, विसरून टाकलं होतं. इतकं चोख काम केलं होतं की आता गरज पडली तर हातात काही नव्हतं. दारात अक्का आणि सलमा येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मग मला सुचलं ते मी केलं. तिला सांगितलं की मी तुला जे जे विचारलं ते आता माझं ऐक. माझं खरं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, सांगलीतली कचेरी सांगितली. गाव सांगताना भाषा आपोआप गावची झाली. "आमी सांगोल्याजवळचं. थोरला मी. धाकला भाऊ दगडू, मेंढरं हायत, डाळिंब हाय."

ती थबकली. "लाल फेटा बांदत्यात त्ये? आमच्या मामानं त्यांच्याकडनंच मेंढरं घेतल्यात."

पायाखालची जमीन सरकली. खोटं गाव सांगायला हवं होतं, असं वाटून गेलं, हे कबूल करतो. पण म्हणालो, "व्हय. त्योच."

"त्यास्नी म्हाईत हाय?"

"न्हाय. कुणालाच न्हाय. आता तुला."

"आन मी सांगितलं तर?"

"तर सांगितलंस," मी म्हणालो. "तुजं माज्याकडं हाय, तसं माजं तुज्याकडं."

तीही काही कमी संशयी नव्हती. मग पोत्यातून पोशाख ओढून काढला, झटकला आणि पाठमोरी झाली. म्हणाली, "हुक लावा मागनं." मी आयुष्यात कधी कुणाच्या पोशाखाचे हुक लावले नव्हते. एक हुक दोनदा चुकला. अक्कानं तिचे गाल ओल्या फडक्यानं पुसले आणि बाहेर जाऊन माईकवरून सांगितलं की माणूस आपला आहे, जबाबदारी तिची, सगळ्यांनी बसून घ्या. निम्म्याहून जास्त बसले. सलमाला मी विचारलं, आता माझ्या पाट्यांचं काय? ती म्हणाली, विचारलं तेव्हा बोलायला पाहिजे होतं, नंबर रद्द. मला ते पटलं.

मनाली चालली. सोलापुरी चादर जाड, ती पडद्यासारखी खाली सुटत नाही, घोंगड्यासारखी ताठ उभी राहते. तिनं खाली दोन हात उंचीपर्यंतचे आडवे धागे उसवून त्याची झालर केली होती, आणि चादरीवरचे मोर नेमके खांद्यांवर आले होते. पहिली चार पावलं जड पडली, नजर माझ्याकडे होती. मग तिनं नजर काढून घेतली. गिरकी घेतली तेव्हा झालर कमरेइतकी वर आली आणि मागच्या भिंतीपाशी उभा राहून मी टाळ्या वाजवत होतो, बॅग कुठं ठेवली ते मला ठाऊक नव्हतं. रडत होतो हेही शेजारच्या मुलीनं रुमाल दिला तेव्हा कळलं.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं होतो, पण वेगवेगळ्या बाकांवर. तिनंच स्टँडवर बजावलं होतं की ओळख दाखवायची नाही, गाडीत गावचे लोक असतात. ती पुन्हा पँट-शर्टातला तरुण झाली होती, चेहरा साबणानं घासून लाल. तिच्या गावी उतरताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी आलो आणि फोनची वाट बघू लागलो. आज ना उद्या ती मामाला सांगणार, मामा दगडूला. फोन वाजला की उचलण्याआधी नंबर दोनदा बघायचो. आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. दगडू फोनवर पाऊसपाणी, मेंढरं आणि भावजयीच्या गुडघ्यांबद्दल बोलायचा. तिनं कुणालाही काहीही सांगितलं नव्हतं. ते कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. परक्या पोरीनं माझं गुपित महिनाभर नीट सांभाळलं, आणि ज्याच्यापासून ते लपवलं त्या भावाची मी एकदाही परीक्षा घेतली नव्हती, नुसता त्याला नापास करून बसलो होतो. बाकीच्यांवर संशय घेताना मी निदान चौकशी तरी करतो.

म्हणून एका सकाळी मीच फोन लावला. लग्न का केलं नाही ते सांगितलं. सोलापूर सांगितलं, बॉल सांगितला, सात नंबर सांगितला, तिचं नाव-गाव सोडून सगळं सांगितलं. मग दगडू म्हणाला, टँकर आलाय, मागनं बोलतो.

दोन दिवस फोन नाही. मी काय काय कल्पना केल्या ते विचारू नका. भावकी बसली असेल, जमिनीतून माझं नाव काढायचं ठरलं असेल, भावजयीनं माझं ताट वेगळं करायचं म्हटलं असेल. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. दगडू बराच वेळ डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल बोलला, मग एका मेंढीला दोन कोकरं झाली ते सांगितलं. मग खाकरला.

"दादा, त्या पोरीचा नंबर आला का मंग?"

"दुसरा आला," मी म्हणालो.

"चादर इतकी भारी शिवून दुसरा?" दगडू म्हणाला. "पंच कुटली व्हती ती? लबाडी केली असणार बग."